दवाखाना मोठा झाला, डॉक्टरचे काय?

आपल्या समाजात डॉक्टर गेला की शोकसभा भरते. तो जिवंत असताना मात्र, "डॉक्टरसाहेब, तुमची स्वतःची शुगर किती आहे?" असे त्याला कुणी विचारीत नाही. वाक्य कडू आहे. पण गेली दोन वर्षे ते आमच्या डोक्यातून जात नाही, म्हणून आज समाजापुढे ठेवीत आहोत.

आमचा एक सहाध्यायी नगरच्याच एका उपनगरात दवाखाना चालवीत असे. २०२३ च्या डिसेंबरात, रात्री साडेअकराला दवाखान्याचे शटर ओढताना तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. वय वर्षे एकोणपन्नास. चौथ्या दिवशी विहारात अभिवादन सभा झाली. फ्लेक्स लागला. 'गोरगरिबांचा देवमाणूस', 'चळवळीचा डॉक्टर' अशी भाषणे झाली. (ज्या धम्मात देव नाही त्या धम्माच्या विहारात माणसाला देवमाणूस म्हणताना कुणालाच काही वाटले नाही, पण ते असो.) सभा संपल्यावर वहिनींनी आम्हाला टेबलाच्या खणातली एक वही दाखविली. उधारीची. भाषणे करणाऱ्यांपैकी निम्म्यांची नावे तिच्यात होती. कुणाचे साठ रुपये, कुणाचे तीनशे, एका पुढाऱ्याचे तर सलाइनसह साडेचार हजार. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जात होता.

आम्ही म्हणजे नागापूरला दवाखाना चालविणारे नवराबायको. एक आयुर्वेदाचा पदवीधर, दुसरी परिचारिका. २००३ साली नगरची महानगरपालिका झाली आणि पुढच्याच वर्षी आम्ही नागापुरात दहा बाय बाराची खोली भाड्याने घेतली. तपासणी फी वीस रुपये. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला तेव्हा घरमालकाने दोनदा वर पाहिले, पण भाडे आगाऊ दिलेले असल्याने बोलला नाही.

ज्यांनी नागापूर पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. नगर-मनमाड रस्त्याला लागून एमआयडीसी, तिच्या कडेने नागापूर, बोल्हेगाव, नवनागापूर अशी वस्ती. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची, बीड-परभणीची, आता बिहार-उत्तर प्रदेशचीही माणसे इथे एकेका खोलीत चार-चार जण राहतात. बहुतेक ठेकेदाराकडची. सकाळी सातच्या पाळीला जाणारा पावणेसातला दवाखान्याच्या पायरीवर बसलेला असतो. डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला, हाताला चटका बसलेला, कंबर धरलेली. रात्री अकराला दुसरी पाळी सुटते, तो वर्ग साडेअकराला येतो. मधल्या वेळेत बायाबापड्या, लेकरे, म्हातारी माणसे. म्हणजे कारखान्याच्या तीन पाळ्यांपैकी दोन पाळ्यांना दवाखाना जागा राहतो. फरक एवढाच की कारखान्यात पाळीगणिक माणूस बदलतो, आमच्या खुर्चीवर माणूस तोच.

हे सारे आम्ही स्वतःहून ओढवून घेतले, हेही कबूल केले पाहिजे. पहिली पाच वर्षे भीती होती की दवाखाना चालणार नाही. आमच्या मागे वडिलांचा दवाखाना नव्हता, सासऱ्याचे मेडिकल दुकान नव्हते. पहिल्या पिढीच्या डॉक्टरला बंद शटर परवडत नाही, कारण एकदा परत गेलेला पेशंट दुसरीकडे बसतो आणि तिथल्या डॉक्टरचे आडनाव बहुधा वेगळे असते. म्हणून रविवारी चालू, दिवाळीत चालू, घरात मयत झाली तरी तिसऱ्या दिवशी चालू. पुढे दवाखाना वाढला. चार खाटा झाल्या, कर्ज झाले, तीन मुली कामाला लागल्या. मग थांबता येईना, कारण आता हप्ता होता. सुरुवातीला चालत नाही म्हणून सुट्टी नाही, नंतर चालतो म्हणून सुट्टी नाही!

१४ एप्रिल २०२४. जयंतीनिमित्त मोफत आरोग्य तपासणी शिबिर. सकाळी आठपासून आमच्यातला डॉक्टर बसलेला, दुपारी अडीचपर्यंत दीडशेच्यावर माणसे तपासून झालेली, पोटात दोन कप चहा आणि अर्धा वडापाव. बीपी मोजायला नर्सिंग कॉलेजची एक मुलगी होती. गर्दी ओसरल्यावर तिने सहज म्हटले, "सर, तुमचं बघू का?" मशीनवर १९०/११० आले. मशीन खराब असेल म्हणून दुसरे आणले. तेच. बोटातून रक्त काढून साखर पाहिली, ३१२. दिवसभर इतरांना 'मीठ कमी करा, गोळी बंद करू नका, वर्षातून एकदा रक्त तपासा' असे सांगणाऱ्या माणसाने स्वतःचे रक्त सहा वर्षांत तपासलेले नव्हते.

पुढचे पंधरा दिवस सारे नागापूर डॉक्टरची विचारपूस करायला येत होते, त्याबद्दल कृतज्ञ आहोत. पण आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याच आठवड्यात आमच्यातल्या दुसरीचेही रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठ. ती वीस वर्षे दवाखान्यात ड्रेसिंग करीत होती, हिशेब ठेवीत होती, घरी जाऊन स्वयंपाक करीत होती आणि धाप लागते ती जिन्यामुळे असे समजत होती. तिची चौकशी करायला एकही माणूस आला नाही. ज्या चळवळीत माता रमाईच्या हालअपेष्टांवर व्याख्याने होतात, त्या चळवळीतल्या घरांत 'मॅडम'च्या रक्ताकडे लक्ष जायला डॉक्टर आजारी पडावा लागतो. यात पहिला दोष आमच्याच घराचा आहे.

आता काही कार्यकर्ते म्हणतील, समाजासाठी झिजणे हाच आपला वारसा आहे. क्रांतिज्योती सावित्रीमाईंचे उदाहरण देतील. देतातच. तर ते उदाहरण नीट पाहू. सावित्रीमाई आम्हा नगरकरांना दूरच्या नाहीत. अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांनी आमच्याच नगरात मिस फरार बाईंच्या संस्थेत घेतले. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत लष्करी नोकरीतून रजा घेऊन आले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर, वस्तीपासून दूर, त्यांनी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक प्लेगने आजारी पडलेले पोर माईंनी पाठीवर घालून तिथवर नेले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे १९०५ साली प्लेगच्याच साथीत रुग्णसेवा करताना डॉ. यशवंतही गेले.

हे बलिदान आहे. पण ते कोणत्या परिस्थितीत झाले? हाफकिनची प्लेगची लस नुकतीच त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईत तयार झाली होती आणि प्लेगवर चालणारी औषधे यायला अजून अर्धे शतक होते. माईंपुढे दोनच मार्ग होते, पोराला टाकून द्यायचे किंवा पाठीवर घ्यायचे. आमच्यापुढे असा कोणता पेच होता? मधुमेहाची गोळी आमच्याच कपाटात होती. बीपीचे यंत्र टेबलावर होते. आम्ही घेतली नाही, मोजले नाही. याला बलिदान म्हणणे हा माईंचा अवमान आहे. हा शुद्ध निष्काळजीपणा होता आणि त्यावर त्यागाचा निळा रंग चढवून आम्ही स्वतःचीच फसवणूक करीत होतो. शिवाय माईंनी पोर नेले ते सरळ दवाखान्यात. वस्तीपासून दूर, मोकळ्या माळावर, संसर्गाचा विचार करून उभारलेल्या दवाखान्यात! आजारापुढे भावनेच्या नव्हे, शास्त्राच्या बाजूने उभी राहिलेली ती मायलेकरे होती.

'पे बॅक टू सोसायटी' हा शब्द आपल्या सभांमधून फार ऐकू येतो. ज्या समाजाच्या लढ्यामुळे शिष्यवृत्ती मिळाली, राखीव जागा मिळाली, त्याचे ऋण फेडलेच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण हे फेडणे म्हणजे फी न मागणे, असा सोयीचा अर्थ कुणी लावला? "आपलाच डॉक्टर हाय, पैसे कशाचे घेतोय?" असे म्हणणारा माणूस त्याच आठवड्यात शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात सोनोग्राफीला रांग लावून रोख पैसे मोजतो, तिथे पावतीही मागत नाही. आमच्याकडे शंभर रुपयांना घासाघीस. गरिबाबद्दल आम्ही बोलत नाही. ज्याच्या घरी चूल पेटण्याची मारामार आहे त्याच्याकडून आम्ही कधी घेतले नाहीत, घेणारही नाही. नेमका हाच माणूस तीन महिन्यांनी पगार झाल्यावर पन्नास रुपये मुठीत धरून येतो, हा आमचा अनुभव आहे. बोलतो आहोत ते सरकारी नोकरदार, बंगलेवाले, गाडीवाले यांच्याबद्दल. यांच्या बुडविलेल्या फीमुळे डॉक्टरला रोज आणखी दहा-पंधरा पेशंट तपासावे लागतात, तेव्हा हप्ता निघतो. त्या दहा-पंधरा पेशंटांचा वेळ डॉक्टरच्या झोपेतून आणि जेवणातून जातो. हिशेब इतका सरळ आहे.

आणि आमच्याच लोकांना आठवण करून द्यावी लागते की कामाचे तास ही गोष्ट या देशात कुणी गंभीरपणे घेतली. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी १९४३ मध्ये प्रा. अडारकरांची नेमणूक झाली, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. आज एमआयडीसीतला कायम कामगार आजारी पडला तर त्याला त्या विमा योजनेतून औषध मिळते, आजारपणाच्या रजेचा भत्ता मिळतो. त्याला तपासणारा नागापूरचा डॉक्टर मात्र त्या योजनेत कुठेच बसत नाही. तो मालक! दहापेक्षा कमी माणसे असल्याने त्याच्या दवाखान्यातल्या मुलींनाही त्या योजनेचे छत्र आपोआप मिळत नाही. कामगाराला आठ तास मिळावेत म्हणून ज्यांनी कायदा केला, त्यांचा फोटो मागे लावून आम्ही वीस वर्षे पंधरा-पंधरा तास बसलो आणि त्यात आम्हाला काहीच खटकले नाही.

सरकारकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, हे कोरोनाने शिकविले. ३१ मार्च २०२० रोजी नवी मुंबईत महापालिकेने खाजगी डॉक्टरांना दवाखाने उघडे ठेवण्याची नोटीस दिली, न ठेवल्यास गुन्हा. तिथल्या एका आयुर्वेदाच्या डॉक्टरांनी दवाखाना उघडा ठेवला आणि जूनमध्ये ते कोरोनाने गेले. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या पन्नास लाखांच्या विम्यासाठी पत्नीने अर्ज केला, तर उत्तर आले की तुमच्या पतीची सेवा सरकारने मागितलीच नव्हती. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही हार झाली. अखेर २०२५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की त्या काळातले कायदे आणि आदेश पाहता डॉक्टरांची सेवा मागितलेलीच होती, आणि प्रत्येक दावा पुराव्यावर तपासावा असे सांगितले. साडेपाच वर्षे! त्या काळात आम्हीही दवाखाना उघडा ठेवला होता. आम्ही वाचलो, यात आमचे कर्तृत्व काही नाही.

मग करायचे काय? पेशंटला 'नाही' म्हणायचे? हा प्रश्न आमच्या घरात महिनाभर चालला. 'नाही' म्हणणे म्हणजे करुणेशी प्रतारणा असे वाटत होते. उत्तर सापडले ते विनयपिटकातल्या महावग्गात. जीवक आपल्याला ठाऊक आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र जागा दिली आहे. मगधात कुष्ठ, क्षय, अपस्मार असे पाच रोग बळावले तेव्हा लोक जीवकाकडे धावले, आमचे सर्वस्व घ्या, आम्हाला दास करा, पण बरे करा. जीवकाने काय सांगितले? मला फार काम आहे, राजा बिंबिसार, त्याचे अंतःपुर आणि बुद्धप्रमुख भिक्खुसंघ यांची शुश्रूषा माझ्याकडे आहे, तुमची चिकित्सा मला शक्य नाही. मग लोकांनी युक्ती केली. संघात शिरायचे, फुकट उपचार घ्यायचे, बरे झाले की चीवर उतरवायचे. जीवकावर भार इतका वाढला की राजाकडचे काम राहू लागले. एक दिवस असा एक बरा होऊन चीवर टाकलेला माणूस त्याला दिसला. जीवक तडक भगवंतांकडे गेला आणि म्हणाला, हे रोग असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी त्याला करुणेवर प्रवचन दिले नाही, 'आणखी थोडे झीज' म्हटले नाही. त्यांनी संघाचा नियम बदलला. ज्यांनी स्वतः आजारी भिक्खूला आंघोळ घातली, त्यांनीच वैद्याची मर्यादा मान्य केली. अडीच हजार वर्षांपूर्वी एका डॉक्टरने 'माझ्याच्याने होत नाही' म्हटले आणि व्यवस्थेने ते ऐकले!

दुसरा धडा आमच्याच जिल्ह्यातला. जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वेल्लोरला शिकलेली, अमेरिकेत जाऊन आलेली ही माणसे. त्यांनी स्वतःच्या खुर्चीपुढची रांग वाढवीत नेली नाही. गावोगावच्या बाया निवडल्या. त्यांत कितीतरी दलित, परित्यक्ता, अक्षरओळखही नसलेल्या होत्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण, पाण्याची स्वच्छता शिकविली. डॉक्टरपर्यंत यायलाच नको असे आजार गावातच अडविले. सवर्णांच्या घरातली बाळंतीण दलित आरोग्यसेविकेच्या हातून मोकळी होऊ लागली, हे त्यातले सामाजिक काम निराळेच. दोघेही आज हयात नाहीत, प्रकल्प चालू आहे. डॉक्टर गेला आणि दवाखान्याला कुलूप, असे तिथे झाले नाही. आमच्या त्या सहाध्याय्याच्या दवाखान्यात आज मोबाईलचे दुकान आहे.

आम्ही जामखेड नव्हे. पण तिथून जेवढे उचलता आले तेवढे उचलले. दवाखान्यातल्या तीन मुलींना बीपी, साखर, वजन, ताप घेऊन कागदावर मांडायला शिकविले. इंजेक्शन आणि औषध ठरविणे मात्र डॉक्टरचेच, तिथे तडजोड नाही. बीपी-शुगरच्या नेहमीच्या पेशंटांना महिन्याचा वार ठरवून दिला, त्यामुळे सकाळची रांग निम्म्यावर आली. रात्रीची वेळ नऊपर्यंत केली. दुसऱ्या पाळीवाल्यांची अडचण होणार होती, म्हणून शेजारच्या बोल्हेगावच्या एका तरुण डॉक्टरशी बोललो. तो नवा आहे, त्याला पेशंट हवेत. रात्री नऊ ते बारा तो पाहतो, आम्ही त्याचा फोन नंबर दारावर लावला आहे. आमच्या धंद्यात शेजारच्याचा नंबर आपल्या दारावर लावणे म्हणजे वेडेपणा समजतात. सुप्याच्या नव्या एमआयडीसीत शाखा काढा, जागा देतो, असे एकजण वर्षभर मागे लागला होता. त्याला नकार दिला. आठवड्यातून एक दिवस कुलूप. उत्पन्न पहिल्या सहा महिन्यांत चांगलेच घटले. थोरल्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च होता, त्यामुळे घरात वादही झाले. हप्ता तीन वर्षांनी लांबवून घ्यावा लागला, म्हणजे व्याज वाढले. आरोग्य फुकट मिळत नाही, ते असे महाग मिळते. आज डॉक्टरचे बीपी गोळ्यांवर १३० च्या आसपास असते. मॅडमचे हिमोग्लोबिन अकरा झाले आहे.

बाबासाहेबांचे नाव घेऊन कुणी आम्हाला 'सुखवस्तू झालात' म्हणेल म्हणून एवढेच सांगतो. मधुमेह, रक्तदाब आणि पायांतल्या असह्य वेदना सोसत त्या महामानवाने संविधानाचे काम केले. तरीही मुंबईला आले की ते डॉ. मालवणकरांकडे उपचार घेत, पथ्य पाळण्याचा प्रयत्न करीत. त्याच दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी विवाह केला, तेव्हा प्रकृतीची काळजी घेणारे माणूस जवळ हवे, हे त्यामागचे एक कारण होतेच. पुढच्या वादांत आज शिरायचे नाही. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, संविधानाचे काम ऐन भरात असताना, बाबासाहेबांनी स्वतःच्या शरीराची तरतूद केली, एवढेच पाहावे.

जयंती उत्सव समितीपुढे आम्ही गेल्या वर्षी तीन गोष्टी ठेवल्या. शिबिर सकाळी दहा ते दोन एवढेच, डॉक्टर किमान चार, आणि पेशंटांच्या आधी टेबलामागच्या सगळ्यांची तपासणी. डीजेच्या खर्चातून शिबिराच्या औषधांसाठी रक्कम काढावी ही चौथी सूचना होती, ती चर्चेला न घेता पुढे ढकलली गेली. बाकीच्या तीन मान्य झाल्या. त्याप्रमाणे सकाळी पावणेदहाला डॉक्टर, नर्स, स्वयंसेवक, पदाधिकारी मिळून सतरा जणांचे बीपी मोजले. पाच जणांचे वाढलेले निघाले. त्यांतला एक गेली आठ वर्षे शिबिराचा आयोजक होता.